रस्त्यावरची टेबले आणि फुकटचे पार्किंग

हॉटेलवाल्यांनी रस्त्यावर टेबले मांडावीत की नाही, हा वाद आपल्याकडे निघाला की पाचव्या वाक्याला न्यूयॉर्क हजर होते. एक पक्ष म्हणतो, करोनानंतर जगातल्या सगळ्या शहाण्या शहरांनी रस्ते खवय्यांना मोकळे केले आणि आमची महापालिका अजून खुर्च्या जप्त करून गोदामात टाकते आहे. दुसरा पक्ष म्हणतो, अहो, न्यूयॉर्कने चार वर्षे हौस भागवून घेतली आणि शेवटी उंदरांना कंटाळून टेबलांभोवती उभारलेली खोपटी स्वतःच पाडली. दोघेही ठासून बोलतात, आणि तिथे नेमके काय घडले ते बघायची तसदी दोघेही घेत नाहीत. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. रस्त्यावर टेबले असावीत. पण ती चालणाऱ्या माणसाच्या वाट्यातून नकोत, उभ्या गाड्यांच्या वाट्यातून हवीत. ती फुकट नकोत आणि कायमची नकोत. आणि जी सवलत हॉटेलवाल्याला, ती हातगाडीवाल्याला मिळाल्याशिवाय या धोरणाला धोरण म्हणू नये.

न्यूयॉर्कची गोष्ट १६ मार्च २०२० पासून सुरू होते. त्या रात्री शहरातल्या हॉटेलांत बसून खाणे बंद झाले. तीन महिने फक्त पार्सल. २२ जूनला शहर दुसऱ्या टप्प्यात उघडले, तेव्हा आत बसवायला मनाई होती आणि बाहेर बसवायला जागा नव्हती. महापौर बिल डी ब्लासिओ यांच्या प्रशासनाने आणीबाणीच्या अधिकारात एक सोपी युक्ती काढली: हॉटेलवाल्याने ऑनलाइन अर्ज भरायचा, नियम पाळतो असे स्वतःच लिहून द्यायचे आणि दारासमोरच्या फुटपाथवर किंवा पार्किंगच्या पट्ट्यात टेबले मांडायची. ना फी, ना फेऱ्या. त्याआधी फुटपाथवर कॅफे चालवायचा परवाना म्हणजे वकील, आर्किटेक्ट आणि महिनोन्महिन्यांची वाट. असे परवाने होते हजारभर, त्यातले बहुतेक मॅनहॅटनमध्ये. आणीबाणीच्या योजनेत बारा हजारांहून जास्त हॉटेले सामील झाली. क्वीन्स आणि ब्राँक्सच्या ज्या वस्त्यांत फुटपाथवर कॅफे ही चीज कधी नव्हतीच, तिथे मोमोवाले, कोलंबियन बेकऱ्या, बंगाली भातघरे रस्त्यावर आली. सुमारे एक लाख नोकऱ्या वाचल्या असा दावा पालिकेने केला. आकडा महापौरांच्या तोंडचा आहे, त्यामुळे थोडी सूट धरा. तरी ज्या धंद्याचे दार बंद होते त्याला रस्त्याने तगवले, हे नाकारता येत नाही.

मग हिवाळा आला. १४ डिसेंबर २०२० ला आत बसणे पुन्हा बंद झाले, ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. थंडीत उघड्यावर कोण जेवणार? म्हणून हॉटेलवाल्यांनी टेबलांभोवती प्लायवूडच्या भिंती उभ्या केल्या, वर छप्पर, आत हीटर, कुठे कुठे काचेच्या खिडक्या आणि भिंतीला वॉलपेपर. वारा खेळावा म्हणून बाहेर आलेले टेबल पुन्हा एका बंद खोलीत जाऊन बसले. जमीन सपाट व्हावी म्हणून फळ्यांची जोती टाकली. रस्त्याकडेचे पावसाचे पाणी त्या फळ्यांखालून वाहायचे, त्यात उष्टे सांडायचे, कचरा अडकायचा, आणि झाडू तिथे पोचत नव्हता. उंदरांना आणखी काय हवे? (न्यूयॉर्कमध्ये उंदीर करोनाने आणले नाहीत, हेही खरे. जे शहर कित्येक दशके काळ्या पिशव्यांतला कचरा रात्री फुटपाथवर मांडत आले, तिथे उंदरांचा दोष एकट्या जेवणाऱ्यांवर ढकलणे सोयीचे होते.) धंदा सावरल्यावर काही खोपटी ओस पडली. कुणी त्यात जुनी खोकी रचली. तिसऱ्या मजल्यावर झोपू पाहणाऱ्याला मात्र खालचे खिदळणे रात्री एकपर्यंत ऐकावे लागत होते. रहिवासी कोर्टात गेले. त्यांना सरसकट ‘बदलाचे शत्रू’ म्हणून हिणवले गेले, ते चूक होते. ज्याच्या खिडकीखाली एका सकाळी कुणालाही न विचारता दारूचा बार आला, त्याने गप्प का बसावे?

ऑगस्ट २०२३ मध्ये नगर परिषदेने कायदा केला आणि तेव्हाचे महापौर एरिक ॲडम्स यांनी त्यावर सही केली. म्हणजे ‘न्यूयॉर्कने बंद केले’ हे खोटे. त्या कायद्याने योजना कायमची केली. फुटपाथवरची टेबले बारमाही, रस्त्यावरची १ एप्रिल ते २९ नोव्हेंबर. बंद भिंती आणि पक्के छप्पर नाही. खालची फळी उचलता आली पाहिजे. रात्री बाराला आवरायचे. फुटपाथवर चालणाऱ्यांसाठी किमान ८ फूट सोडायचे, गर्दीच्या रस्त्यांवर १० किंवा १२. आगीच्या बंबासाठी रस्त्यात १५ फुटांची वाट मोकळी. नियम वाचले तर यातला एकही वेडगळ वाटत नाही. वेडगळ होती ती त्याभोवतीची कागदपत्रे. चार वर्षांच्या परवान्याला १,०५० डॉलर, फुटपाथ आणि रस्ता दोन्ही हवे तर दुप्पट, वर अनामत रक्कम, वर दर चौरस फुटाचे वार्षिक भाडे, आराखडे, स्थानिक मंडळाची शिफारस, सुनावणी, हिशेब तपासनीसाकडे नोंदणी. आणि दर नोव्हेंबरात सगळे सामान उचलून चार महिने कुठेतरी भाड्याने ठेवायचे. ऑगस्ट २०२४ च्या मुदतीपर्यंत अर्ज आले तीन हजारांच्या आसपास. १ एप्रिल २०२५ ला पहिला हंगाम उघडला तेव्हा बहुतेकांच्या हाती पुरता परवाना नव्हता, सशर्त मंजुरीवर टेबले लागली. बारा हजारांवरून तीन हजार, ही गळती उंदरांमुळे झाली नाही. गळाले ते मुख्यतः ज्यांच्याकडे फॉर्म भरायला माणूस नव्हता ते. पुढे रस्त्यावरची जागा पुन्हा बारमाही करण्याचा प्रस्ताव परिषदेत आला, यातच पहिल्या कायद्याने ताणले होते हे कबूल झाले.

तेव्हा न्यूयॉर्कचा दाखला द्यायचाच असेल तर पुरता द्यावा. आधी सताड उघडे दार, मग दाराला सात कुलपे. दोन्ही वेळा एकच गोष्ट राहून गेली: ही जागा किती दिवसांसाठी, किती मोलाने आणि कुणाच्या वाट्यातून देतो आहोत हे आधी ठरवणे. सुरुवातीला मुदत न घालता दिलेली परवानगी वर्षभरात वहिवाट होते आणि वहिवाट मोडायला गेले की परवानगी देणाराच जुलमी ठरतो. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्या प्रत्येक पेठेत एखादा ‘तात्पुरता’ पत्रा तिसरी पिढी बघतो आहे.

पण मुदतीने रस्ता देण्याची रीतही आपल्याकडे आहेच. गणपतीचा मांडव काय असतो? पालिकेची परवानगी, वाहतूक पोलिसांचे ना-हरकत पत्र, ठरलेली लांबी-रुंदी, ठरलेले दिवस, आणि उत्सव संपला की खड्डे बुजवून जागा परत. मंडळे हे सगळे काटेकोर पाळतात असे कुणी म्हणणार नाही. पाळत नाहीत म्हणून तर मुंबई उच्च न्यायालयाला २०१५ साली रस्ते आणि फुटपाथ अडवणाऱ्या मांडवांवरून पालिकांचे कान धरावे लागले. तरी रस्ता काही दिवसांसाठी एखाद्या कामाला द्यायचा आणि मग परत घ्यायचा, हा व्यवहार इथल्या साध्या कार्यकर्त्यालाही समजतो. हॉटेलाच्या टेबलांना तोच न्याय लावा. आपला हंगाम न्यूयॉर्कच्या उलट पडेल: दसऱ्यापासून मेअखेरीपर्यंत. पावसाळ्यात एकही फळी गटाराच्या तोंडावर दिसता कामा नये. नालेसफाईच्या नावाने दरवर्षी जे होते त्यात ही भर कशाला?

आता मूळ भांडणाकडे येतो. टेबले नकोत म्हणणाऱ्यांचा सर्वांत जोरकस मुद्दा असा: रस्ता सार्वजनिक आहे, तो एका खासगी धंद्याला का द्यायचा? मुद्दा खरा आहे. पण तो पुरता मांडा. फुटपाथच्या कडेला सकाळपासून रात्रीपर्यंत उभी असलेली मोटार कुणाची असते? एका उभ्या मोटारीला साधारण साडेबारा चौरस मीटर जागा लागते. तेवढ्यात दोन टेबले आणि आठ खुर्च्या बसतात. त्या आठ खुर्च्यांवर दिवसाकाठी कितीतरी माणसे बसतात, मोटारीत मात्र कुणीच बसलेले नसते. टेबल म्हणजे खासगीकरण आणि उभी मोटार म्हणजे रस्त्याचा स्वाभाविक उपयोग, हे कधी ठरले?

याचे उत्तर इतिहासात आहे, आणि तेही न्यूयॉर्कच्याच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडच्या गल्ल्या हातगाड्यांनी भरलेल्या असत. लोणची, मासे, कापड, भांडी, सगळे गाडीवर. विकणारे बहुतेक ज्यू आणि इटालियन स्थलांतरित. १९३४ साली महापौर झालेल्या फिओरेलो ला गार्डिया यांनी वाहतूक आणि स्वच्छता ही दोन कारणे पुढे करून या गाड्या हटवायला घेतल्या. १९३९ च्या जागतिक प्रदर्शनाला येणाऱ्या पाहुण्यांसमोर शहर नीटनेटके दिसायला हवे होते. विक्रेत्यांना छपराखालच्या मंडयांत ढकलले गेले. एसेक्स स्ट्रीटची मंडई १९४० ची, त्याच मोहिमेतली. मग रिकामे झालेले रस्ते कुणाला मिळाले? १९५० पर्यंत न्यूयॉर्कमध्ये रात्रभर रस्त्यावर गाडी ठेवायला कायद्याने मनाई होती. लोक ठेवत होतेच, म्हणून मनाई उठली. १९५१ मध्ये पहिले पार्किंग मीटर बसले, पण ते थोड्या रस्त्यांवर. आज त्या शहरात रस्त्याकडेला पार्किंगच्या सुमारे ३० लाख जागा आहेत असा अंदाज सांगितला जातो आणि त्यातल्या बहुतांश फुकट आहेत. म्हणजे पोट भरणाऱ्या गाड्या अतिक्रमण म्हणून गेल्या आणि उभ्या राहणाऱ्या गाड्या हक्क म्हणून आल्या. मधल्या काळात यावर कुणी मत घेतल्याचे दिसत नाही. २०२० नंतर टेबलांनी त्या ३० लाखांपैकी घेतल्या साडेआठ हजारांच्या आसपास. शंभरात अर्धीसुद्धा नाही. एवढ्यावर ‘आमचे पार्किंग लुटले’ असा ओरडा झाला.

आपल्याकडे हा ओरडा आणखी मोठा होईल, हे उघड आहे. पुणे महापालिकेने मार्च २०१८ मध्ये पार्किंगला दर लावणारे धोरण मंजूर केले, तेव्हा इतका गदारोळ झाला की ते आधी पाच रस्त्यांवर करून बघू म्हणून आटपते घ्यावे लागले. तो पाच रस्त्यांचा प्रयोगही वर्षानुवर्षे रखडला. रस्त्यावर गाडी लावायला तासाला काही रुपये द्या म्हटले तर सर्वपक्षीय एकमत होते, तेही विरोधात. अशा शहरात पार्किंगच्या पट्ट्यात टेबले मांडा म्हणणारा माणूस भोळा वाटेल. शिवाय एक फरक मी मान्य करतो. न्यूयॉर्कच्या पट्ट्यात मोटार असते. आपल्या पट्ट्यात, निदान पुण्यात, दुचाक्या असतात आणि त्या बँकेतल्या कारकुनाच्या, दुकानातल्या सेल्समनच्या, पार्सल पोचवणाऱ्या पोराच्या असतात. एका मोटारीच्या जागेत पाच-सहा सहज लागतात. तिथे टेबले मांडून त्यांना हाकलले तर गरिबाची जागा काढून श्रीमंताच्या कॉफीला दिल्यासारखे होईल. म्हणून दुचाक्यांचे पट्टे सोडा आणि मोटारींचे घ्या. हे सोपे नाही, पण अशक्यही नाही, कारण बऱ्याच मोठ्या रस्त्यांवर दोन्हींचे पट्टे वेगळे आखलेले आहेत. शिवाय लक्ष्मी रस्ता ११ डिसेंबर २०२१ ला पादचारी दिनासाठी दिवसभर वाहनांना बंद ठेवला, तेव्हा धंदा बसला नाही. माणसे रस्त्याच्या मधोमध रमतगमत चालत होती. एका दिवसावरून धोरण ठरत नाही हे मान्य, पण गाडी दारात आली नाही तर गिऱ्हाईक येत नाही, ही समजूत मात्र त्या दिवशी उघडी पडली.

फुटपाथचा प्रश्न याहून नाजूक आहे आणि तिथे मी टेबलविरोधकांच्या बाजूला आहे. भारतीय रस्ते परिषदेच्या निकषांप्रमाणे चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळे हवेत, म्हणजे दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तर एकीला खाली उतरावे लागू नये. आता एखाद्या गजबजलेल्या रस्त्यावर संध्याकाळी सातला उभे राहून बघा. फुटपाथ कागदावर तीन मीटर. त्यात झाडाचे आळे, विजेचा डीपी, दुकानाची पायरी, पाटी, वडापावच्या गाडीसमोरचे घोळके, नंबर पुकारण्याची वाट बघत उभी असलेली हॉटेलबाहेरची कुटुंबे. हातात पिशवी घेतलेल्या आजी कडेशी येतात, मागे बघतात, साडी सावरतात आणि उंच कठड्यावरून थेट बसच्या वाटेत उतरतात. इथे आणखी चार टेबले? अजिबात नाही. टेबले फुटपाथच्या पलीकडे, मोटारींच्या पट्ट्यात, भक्कम कठड्याच्या आत. गरम सांबाराचा ट्रे घेऊन वेटरला फुटपाथ ओलांडावा लागेल, ही अडचण आहे. ती हॉटेलवाल्याने सोसावी. आणि ज्या रस्त्यावर १.८ मीटर आधीच मोकळे नाहीत, तिथे आधी ते मोकळे करावेत आणि मगच अर्ज घ्यावा. हा एक नियम जरी लावला तरी अर्ध्या शहरात परवाना मागणारे हॉटेलवालेच फुटपाथ रिकामा करायच्या मागे लागतील. पालिकेला इतकी वर्षे जे जमले नाही ते स्वार्थ करून दाखवील.

आवाज आणि आग यांवर थोडक्यात. पॅरिसने २०२१ पासून पार्किंगच्या जागांतली उन्हाळी टेबले १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर अशी कायम केली, पण रात्री दहाला बंद आणि बाहेरचे हीटर बंद. दहा ही वेळ आपल्यालाही पटेल, लाउडस्पीकरचा नियम तोच आहे. आगीचे म्हणाल तर मुंबईत नोव्हेंबर २०१७ मध्ये गच्चीवरच्या हॉटेलांचे धोरण मंजूर झाले आणि २९ डिसेंबरला कमला मिलमधल्या आगीत १४ जण गेले. ते गच्चीवरचे बेकायदा बांधकाम होते, धोरणाचे अपत्य नव्हे. पण उघड्या जागेवर बांबू, ताडपत्री आणि पडदे चढवत गेले की काय होते ते तिथे दिसले. छत्री चालेल, छप्पर नाही. यात ‘थोडेसे समजून घ्या’ नको.

फी घ्यायचीच. जी जागा शहराची आहे तिचे भाडे शहराला मिळाले पाहिजे, आणि ते भागाप्रमाणे वेगळे हवे. न्यूयॉर्कने दर भागागणिक ठेवले ते योग्य केले. चुकले ते भाड्याच्या वर रचलेल्या फेऱ्यांत. एक पानाचा अर्ज, जमिनीवर रंगाने आखलेली चौकट, दारावर लावलेला परवाना आणि त्यावर तक्रारीचा नंबर, एवढ्याने भागते. चौकटीबाहेर खुर्ची गेली की दंड, तिसऱ्यांदा गेली की हंगाम रद्द. चौकट डोळ्यांना दिसते म्हणून निरीक्षकाला ‘बघू’ म्हणायला कमी जागा राहते. आपल्याकडे परवान्याचा खरा खर्च पावतीवर नसतो, हे धोरण लिहिणाऱ्याने विसरू नये.

आणि आता ज्या मुद्द्यावर दोन्ही पक्ष सोयीने गप्प असतात तो. न्यूयॉर्कमध्ये हातगाडीवर खाद्यपदार्थ विकण्याच्या परवान्यांवर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तीन हजारांच्या आसपासची मर्यादा होती. प्रतीक्षायादी इतकी लांबली की परवान्यांचा काळा बाजार उभा राहिला. नव्या परवान्यांचा कायदा व्हायला २०२१ उजाडले, तोही वर्षाला ४४५ च्या हिशेबाने, दहा वर्षांत पसरलेला. त्याच शहराने २०२० च्या जूनमध्ये हॉटेलवाल्यांना काही दिवसांत हजारो जागा दिल्या. रस्ता तोच, खाणे तेच, निकड तर गाडीवाल्याची जास्त. मग फरक कशाचा? एकाकडे संघटना, भाडेपट्टा आणि वकील होता, दुसऱ्याकडे नव्हता. आपले चित्र याहून चांगले आहे असे समजू नका. मुंबईच्या फेरीवाल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली फेरीवाला क्षेत्रे आखायला सांगितली. २०१४ मध्ये केंद्राचा पथविक्रेता कायदा आला. दर पाच वर्षांनी पाहणी, शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के विक्रेत्यांचे प्रतिनिधी, लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचे, सगळे लिहिलेले आहे. मुंबईतल्या २०१४ च्या पाहणीत सुमारे ९९ हजार फेरीवाले नोंदले गेले. पात्र ठरले ३२ हजारांच्या आसपास. समितीच्या निवडणुकीला २०२४ उजाडले.

अशा शहरात हॉटेलांच्या टेबलांचे धोरण स्वतंत्रपणे आणले तर त्याचा अर्थ एकच होईल: ज्याची वडापावची गाडी अतिक्रमण विभागाने सकाळी उचलली, त्याच्याच जागेवर संध्याकाळी तीनशे रुपयांची कॉफी. म्हणून क्रम उलटा हवा. पालिकेने एखादा रस्ता टेबलांसाठी उघडायचे ठरवले, तर त्याच ठरावात त्या रस्त्यावरच्या पथारीवाल्यांच्या जागा आखलेल्या असाव्यात, त्याच रंगाने, त्याच निकषांवर. १.८ मीटर दोघांनीही सोडायचे, भाडे दोघांनीही द्यायचे, पावती दोघांनाही मिळायची. हॉटेलवाल्यांच्या संघटनांना टेबले हवी आहेत ना? मग फेरीवाला समितीच्या बैठका वेळेवर व्हाव्यात म्हणून त्यांनीही पालिकेच्या दारात बसावे.